राखीव मैदान हातचं जाण्याआधी काय करता येतं? (मुंबई डीपी आणि कलम १२७)

चिंचेखाली

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसती वाचायला येते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

आमच्या इमारतीच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे. पूर्व उपनगरात, स्टेशनपासून चालत बारा मिनिटं. त्यात एक जुनी चिंच. तिच्या खोडावर कोळशाने ओढलेल्या तीन रेघा म्हणजे स्टंप. माझ्या थोरल्या भावाने त्या पहिल्यांदा ओढल्या, नंतर कुणी ना कुणी गिरवत राहिलं, आता माझा भाचा गिरवतो. पावसाळ्यात गुडघाभर गवत वाढतं. गणपती झाले की पोरंच खराटे घेऊन खेळपट्टीपुरती जागा झाडून काढतात. चिंचेपलीकडे सिमेंटचा एक मोडका पाइप पडलाय, त्यावर संध्याकाळी आसपासच्या आज्या बसतात. माझी आई त्यांतलीच एक. गुडघे दुखतात म्हणून लांबच्या बागेत तिला जाता येत नाही, इथवर येते.

आम्ही सगळे त्याला 'मैदान' म्हणतो. गेल्या महिन्यात आमच्या इमारतीच्या पुनर्विकासासाठी आर्किटेक्टने डीपी रिमार्क (विकास आराखड्यात, म्हणजे डीपीत, जागेवर काय दाखवलंय त्याचा पालिकेचा दाखला) काढले, तेव्हा कळलं की ते अजून मैदान झालेलंच नाही. नकाशात हिरवं आहे, त्यावर 'आरओएस १.४' लिहिलंय. त्यांनी समजावलं: 'ईओएस' म्हणजे आज असलेली मोकळी जागा, 'आरओएस' म्हणजे पुढे घ्यायची आहे म्हणून राखून ठेवलेली. १.४ म्हणजे खेळाचं मैदान. मालमत्ता पत्रकावर नाव एका खासगी मालकाचं. त्यांनी इतकी वर्षं आम्हाला कधी हटकलं नाही, याबद्दल मला त्यांचा आदर आहे.

पण पुढचं ऐकून झोप उडाली. विकास आराखडा २०३४ लागू झाला १ सप्टेंबर २०१८ला. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊन आरक्षण उठवून घेऊ शकतो म्हणे. म्हणजे सप्टेंबर २०२८. हातात फार दिवस उरलेले नाहीत.

हे खरं आहे का? आणि आमच्यासारख्यांनी नक्की काय करायचं? जाणकारांनी कृपया लिहावं.

सातबारा

ताई, खरं आहे. नगररचनेच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम १९६६चा. त्याचं कलम १२६ सांगतं की आरक्षित जमीन घ्यायची कशी. तीन वाटा आहेत. मालकाशी बोलून पैसे देऊन, पैशाऐवजी एफएसआय (त्याच जागी जादा बांधकामाचा हक्क) किंवा टीडीआर देऊन, नाहीतर सक्तीच्या भूसंपादनाने. टीडीआर मुंबईत १९९१च्या नियमावलीपासून आला. मालक जमीन पालिकेला देतो, बदल्यात त्याला बांधकामाचा हक्क मिळतो आणि तो हक्क दुसरीकडे वापरता किंवा विकता येतो. तिजोरीतून रोख पैसा न जाता जागा मिळते. त्या बदल्यात दुसऱ्या कुठल्या तरी गल्लीत इमारती उंच होतात, हेही खरं.

आता कलम १२७. दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक पालिकेला खरेदी सूचना देतो, म्हणजे 'जमीन घ्या' अशी नोटीस. पूर्वी त्यानंतर सहा महिने मिळायचे, मग बारा झाले, २०१५च्या दुरुस्तीपासून चोवीस महिने आहेत. तेवढ्यात जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. मग शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं ते तिथेही बांधता येतं.

'पावलं' म्हणजे काय, यावर गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७मध्ये स्पष्ट केलंय. नुसता ठराव केला, प्रस्ताव पुढे पाठवला, एवढ्याने भागत नाही. संपादनाची रीतसर घोषणा व्हावी लागते. मी पाहिलंय, चोवीस महिने ऐकायला खूप वाटतात, पण मोजणी, मूल्यांकन, निधीची तरतूद यांत कसे सरतात कळत नाही.

मालकाची बाजूही समजून घ्या. जमिनीवर आरक्षण पडलं की ती धड विकता येत नाही, बांधता येत नाही. दहा वर्षं थांबवून ठेवणं ही त्याच्यासाठी शिक्षाच असते. म्हणून हे कलम आहे आणि ते असायलाच हवं. दोष कलमाचा नाही, दहा वर्षं हातावर हात ठेवून बसण्याचा आहे.

पायवाट

सातबारा, रोख संपादन इतकं अवघड का जातं तेही सांगा ना. पालिकेचं बजेट तर ७४ हजार कोटींच्या वर आहे (२०२५-२६चं).

सातबारा

@पायवाट, २०१३च्या भूसंपादन कायद्यानुसार शहरी भागात बाजारभाव आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे साधारण दुप्पट द्यावी लागते. मुंबईतला बाजारभाव दुप्पट करून बघा. एकेका मैदानासाठी कोट्यवधी. रस्ता किंवा सांडपाण्याचं काम दाखवता येतं, त्यामुळे पैसे आधी तिकडे जातात. मोकळी जागा घेतली तर 'काय बांधलं?' या प्रश्नाला उत्तर नसतं. काही न बांधणं हेच तिथलं काम असतं, ते अंदाजपत्रकात मागे पडतं.

गिरणगावकर

धागा वाचून राहवलं नाही. 'नकाशात आहे म्हणजे आपलं आहे' या समजाची किंमत गिरणगावाने मोजली आहे.

वडील गिरणीत साचेवाले होते. १९८२च्या संपानंतर गिरणी पुन्हा धड चाललीच नाही. १९९१ची नियमावली आली, त्यातला ५८ क्रमांकाचा नियम सगळ्या चाळींत तोंडपाठ होता. गिरणीच्या जमिनीचा विकास होईल तेव्हा ढोबळमानाने एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. सगळ्या गिरण्या मिळून सुमारे सहाशे एकर. हिशोब करा, दादर ते भायखळा या दाटीत किती बागा झाल्या असत्या! वडील मला घेऊन गिरणीच्या भिंतीकडेने चालायचे आणि दाखवायचे, इथे पोरांना खेळायला होईल, इथे आपल्याला घर मिळेल.

२००१मध्ये नियम बदलला. वाटणी अख्ख्या जमिनीची राहिली नाही, गिरणीच्या आवारात जी जागा आधीच मोकळी आहे तेवढ्याचीच झाली. शेड, गोदाम, चिमणी जिथे उभी आहे ती जमीन वाटणीतून बाहेर. गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते किती? बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुप कोर्टात गेला. २००५मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आमच्या बाजूने लागला, तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१चा बदल कायम राहिला.

वडील त्यानंतर त्या भिंतीकडेने कधी चालले नाहीत. दुसऱ्या रस्त्याने जायचे.

म्हणून सांगतो ताई, नियमावलीतला एकेक शब्द वाचत राहा. नुसतं मैदान राखून होत नाही, त्यावरचा कागद राखावा लागतो.

पायवाट

गिरणगावकर, वाचून गलबलून आलं.

कागद राखण्याबद्दल भर घालते. आराखड्यातलं आरक्षण बदलायचं असेल तर कलम ३७खाली फेरबदलाची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते आणि हरकती-सूचनांसाठी जेमतेम महिना मिळतो. ती बारीक टायपातली जाहिरात असते, सहसा कोणी बघत नाही. आमच्याकडे चौघींनी वर्तमानपत्रं वाटून घेतली आहेत. आपल्या (महसुली) गावाचं नाव आणि सीटीएस, म्हणजे नगर भूमापन, क्रमांक दिसला की फोटो काढून ग्रुपवर टाकायचा.

हरकतींनी काही होत नाही असं म्हणू नका. याच आराखड्याच्या २०१५ला आलेल्या पहिल्या मसुद्यावर हरकतींचा इतका पाऊस पडला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदाच रद्द करून नव्याने करायला लावला.

बोल्डरवासी

मी मूळचा विलेपार्ल्याचा, सध्या अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या बोल्डरला. इथलं उदाहरण कदाचित उपयोगी पडेल.

गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे, वस्ती झपाट्याने वाढायला लागली आणि डोंगरउतारावर घरं चढतील अशी भीती निर्माण झाली. १९५९मध्ये लोकांनी मतदान करून ठरवलं की ठरावीक उंचीच्या वर नगरपालिका पाणीच पुरवणार नाही. पाणी नाही तर घर नाही. नंतर १९६७ला लोकांनी स्वतःवर ०.४ टक्के विक्रीकर लावून घेतला, खास मोकळ्या जमिनी विकत घ्यायला. तेव्हापासून घेत घेत आज ४५ हजार एकरांच्या वर जमीन राखली आहे आणि गावाची वस्ती लाखाच्या आसपास.

मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की पैसा वेगळा काढलेला होता. दरवर्षी भांडून मागावा लागत नव्हता. दुसरी बाजूही सांगतो. इथे घरं फार महाग झाली आहेत, कामाला येणारे पुष्कळ लोक शेजारच्या गावांतून रोज गाडीने येतात.

टेकडीवरून

पुण्यातही तोच पेच. समाविष्ट गावांतल्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे, जवळपास हजार हेक्टर. २०१५मध्ये जमीनमालकांना आठ टक्के टीडीआर द्यायचं ठरलं. त्या भावात जमीन कोण देणार? टेकडी हिरवी दिसते, पण तिच्यावरची टांगती तलवार तशीच आहे.

मधली_सुट्टी

मुंबईत वाट चुकते ती इथेच. मैदान वेळेत घेत नाहीत, मग तिथे झोपड्या पडतात, आणि एकदा झोपड्या पडल्या की मैदान गेलंच म्हणून समजा. आधी अतिक्रमणं हटवली पाहिजेत.

दहा_बाय_दहा

@मधली_सुट्टी, माझं घर नकाशात उद्यान आहे. म्हणून उत्तर देतो.

७२च्या दुष्काळानंतर माझे वडील जत तालुक्यातून इथे आले. गवंडीकाम करायचे. ज्या इमारतींमधून आज लोक आमच्या वस्तीकडे बघतात, त्यांतल्या दोन-तीनांच्या भिंती त्यांनी रचल्या आहेत. राहायला जागा नव्हती, मोकळी जमीन दिसली, तिथे राहिले. तिथे उद्यान होणार आहे, असं सांगणारी साधी पाटीही नव्हती. मी तिथेच जन्मलो, तिथेच शिकलो, माझी मुलगी आता सहावीत आहे. तिला खेळायला जागा नाही. नळाच्या रांगेच्या बाजूला सहा फुटांची गल्ली आहे, तिथे दोरीवरच्या उड्या मारते. बागेची गरज सगळ्यात जास्त आम्हालाच आहे हो.

आरक्षित मोकळ्या जागेवरच्या झोपड्यांचं पुनर्वसन तिथल्या तिथे करायचं झालं तर निदान ३५ टक्के जमीन मोकळी सोडावी लागते, असा नियम आहे. त्याच्या विरोधात 'नगर' या संस्थेची २००२पासूनची याचिका होती. जून २०२५मध्ये उच्च न्यायालयाने नियम ग्राह्य धरला, पण ती ३५ टक्के जागा खरोखर वापरता आली पाहिजे, सर्वांना खुली राहिली पाहिजे, असं बजावलं. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या ३५ टक्क्यांवर लक्ष ठेवायला तुम्हीही आमच्या सोबत या. इमारत झाली की ती जागा गेटच्या आत जाते, पार्किंग होते, हे आम्ही शेजारच्या वस्तीत बघितलंय. आम्हाला हटवून मैदान मागू नका. मैदान आपण मिळून मागू.

मधली_सुट्टी

चुकलो. 'हटवली पाहिजेत' लिहिताना तिथे राहणाऱ्या माणसांचा विचार केला नाही. माफ करा. ३५ टक्क्यांचं काही काम असेल तर हाक मारा, येईन.

चिंचेखाली

@दहा_बाय_दहा, दादा, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्या पोरीला म्हणावं, सुट्टीत आमच्या चिंचेखाली ये खेळायला." मनापासून निमंत्रण आहे.

तुमच्या आणि माझ्या गोष्टीचं मूळ एकच दिसतंय. तुमच्या उद्यानाचा ताबा वेळेत घेतला असता तर ते उद्यान झालं असतं, आणि वडिलांसाठी शहराने घराची दुसरी काही सोय करायला हवी होती. दोन्ही झालं नाही. १९६१ला मुंबई ४१ लाखांची होती, २०११ला १ कोटी २४ लाखांची झाली. इतकी माणसं येणार, राहणार, त्यांच्या पोरांना खेळायला लागणार, हे कुणाला दिसत नव्हतं असं नाही. नकाशे रंगवून तयार होते.

खाडीकाठ

ताब्याचाच मुद्दा पुढे नेतो, कारण मुंबईत ज्या मोठ्या जागा टिकल्या त्यांचा इतिहास तेच सांगतो.

विहार तलाव १८६०च्या सुमाराचा, तुळशी १८७९चा. शहर वाढत होतं, पाणी पुरत नव्हतं, म्हणून तलाव बांधले. पाणी स्वच्छ राहायचं तर भोवतीच्या डोंगरांवर वस्ती नको, म्हणून पाणलोटाची जमीन सांभाळली. आज शंभर चौरस किलोमीटरच्या वर पसरलेल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात ते दोन्ही तलाव आहेत. जंगल वाचवायचं म्हणून सुरुवात झालीच नव्हती, पिण्याच्या पाण्यासाठी झाली होती. जमीन हातात होती, राखायला कारण होतं, राखणारी माणसं होती.

कांदळवनांचंही तसंच. २००५मध्ये उच्च न्यायालयाने तोडीला मनाई केली, तेव्हा आम्ही खाडीकाठचे लोक हरखून गेलो. पण नुसत्या मनाईने डेब्रिजचे डंपर थांबले नाहीत. सरकारी जमिनीवरची कांदळवनं वनखात्याच्या नावावर चढायला लागली, २०१२मध्ये वेगळा कांदळवन कक्ष झाला, गस्तीला माणसं आली, तेव्हा फरक दिसायला लागला. पहाटे मासेमारीला जाणाऱ्या आमच्या काकांना आता फोन कुणाला करायचा हे माहीत आहे. आधी ते नुसते बघत राहायचे.

आरेचं दुःख सर्वांना आठवत असेल. मेट्रोच्या कारशेडसाठीच्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका ४ ऑक्टोबर २०१९ला फेटाळल्या गेल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला थांबवेपर्यंत दोन हजारांच्या वर झाडं पडली होती. पुढे तिथली सुमारे ८१२ एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली. ती आधी झाली असती तर?

आणि माहीमचं निसर्ग उद्यान बघून या. धारावीला लागून, मिठीच्या काठी, ३७ एकर. तिथे पूर्वी शहराचा कचरा पडायचा. १९९४पासून लोकांसाठी खुलं आहे, आज आत शिरलं की ऊन जमिनीवर पोचत नाही. तेव्हा 'आता ही जागा कामातून गेली' असं कुठल्याच प्लॉटबद्दल म्हणू नये.

तळमजला

मोठ्या जागांबद्दल सगळे बोलतात, सोसायटीच्या आतल्या आरजीबद्दल (मनोरंजन मैदानाबद्दल) कोणी नाही. मोठ्या लेआउटमध्ये १५ ते २५ टक्के जागा मनोरंजन मैदान म्हणून सोडावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३मध्ये, १९९१ची नियमावली लागू असताना, सांगितलं होतं की नियमाने लागणारी किमान आरजी जमिनीवरच हवी, वर आकाश मोकळं हवं. पोडियमवरच्या (पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीतल्या) लॉनला आरजी म्हणता येणार नाही, असं तेव्हा ठरलं.

आमच्या सोसायटीत आरजीवर आधी पेव्हर ब्लॉक बसवले, मग पांढरे पट्टे मारले, मग गाड्या लागल्या. मी मंजूर नकाशाची प्रत काढली आणि सर्वसाधारण सभेत टेबलावर पसरली. दोन वर्षं कुणी माझ्याशी धड बोललं नाही. आता निम्मे ब्लॉक उखडले आहेत. तिथे बकुळ लावली आहे, कमरेएवढी झाली आहे.

सातबारा

ताई, आता कामाचं. मी क्रमाने लिहून काढलं होतं, पण सगळ्यात निकडीचं एवढंच: माहिती अधिकारात विचारा की या सीटीएस क्रमांकावर खरेदी सूचना आली आहे का, संपादनाचा प्रस्ताव कुठवर आहे, अंदाजपत्रकात तरतूद आहे का. दुसरं, मालकांना भेटा. भांडायला नको, बोलायला. टीडीआरवर जमीन द्यायची त्यांची तयारी असेल तर अर्धी लढाई तिथेच संपते. कित्येक मालकांना वाट दाखवणारं कोणी भेटत नाही, म्हणून ते नोटीशीकडे वळतात.

ताबा मिळाल्यावर देखभालीचंही आत्ताच बघा. मैदानं देखभालीसाठी संस्थांना देण्याच्या दत्तक धोरणाचा अनुभव शहराला आहे. काही मैदानं संस्थांकडे गेली आणि तिथे क्लब उभे राहिले. २०१६मध्ये नवं धोरण सभागृहात मंजूर झालं तेव्हा लोकांनी एवढा आवाज उठवला की मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली. तुमच्या चिंचेला कुंपण घालून तिकीट लावणारं कोणी नको.

चिंचेखाली

अपडेट देते, महिना-दीड महिना झाला.

माहिती अधिकाराचं उत्तर आलं. खरेदी सूचना आलेली नाही. संपादनाचा प्रस्तावही नाही.

मालकांकडे आम्ही तिघी गेलो. आई हट्टाने आली. वयस्कर गृहस्थ आहेत, चहा केला. म्हणाले, "त्या जमिनीसाठी माझ्याकडे इतक्या वर्षांत फक्त बिल्डर आले. खेळणाऱ्यांच्या घरचं आज पहिल्यांदाच कोणी आलं." टीडीआरचा अर्ज करायला ते तयार आहेत, मुलांशी बोलून कळवतो म्हणाले. सातबारा, कागद बघायला तुम्ही याल का? त्यांनीच विचारलंय, जाणकार कोणी असेल तर बरं.

काल मोजणीचा नकाशा पाहिला. चिंच आरक्षणाच्या रेषेच्या आत नाही. रस्तारुंदीकरणाची रेषा तिच्या बुंध्यातून जाते. मैदान वाचलं तरी ती जाईल. आईला अजून सांगितलेलं नाही.

सातबारा

शनिवारी दुपारनंतर येतो, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.

चिंचेचं आत्ताच मनाला लावून घेऊ नका. रस्तारेषा आराखड्यावर असते, रुंदीकरण प्रत्यक्ष होतंच असं नाही. आणि झालं तरी झाड तोडायला १९७५च्या झाडांच्या कायद्याखाली परवानगी लागते. अर्ज आला की झाडावर नोटीस चिकटवतात आणि हरकतीला सात दिवस मिळतात. तेव्हा रोज एकाने तरी खोडाकडे बघून यायचं. तुमचा भाचा तिथे रोज असतोच, त्याला सांगून ठेवा.

चिंचेखाली

सांगितलं. त्याने स्टंपच्या रेघा आज पुन्हा गिरवल्या आणि खोडाचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवले, तारखेसकट.